अज्ञान खातेदार आणि अपाक बाप

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहात खारी बुडवत होतो, तेव्हा कन्येने माझ्यासमोर शंभरपानी वही ठेवली. तिला आदल्याच दिवशी दहा वर्षं पूर्ण झाली होती. पहिल्या पानावर लाल शाईने 'येणे' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. मग रकाने आखलेले : कोणी दिले, कधी, किती आणि शेवटचा रकाना 'कुठे गेले'.

वानगीदाखल काही नोंदी. आत्या, दिवाळी, ५०१, आईच्या पर्समध्ये. मोठे काका, गौरी-गणपती, २००, बाबाच्या शर्टाच्या वरच्या खिशात. मामेभाऊ, भाऊबीज, १०१, पेट्रोल. बोरन्हाणाच्या नोंदीपुढे 'तेव्हा मी लहान होते, आजीकडून ऐकलं, सुमारे २,०००' असा प्रामाणिक शेरा होता. एकूण बेरीज १४,६५० रुपये. माझी खारी चहाच्या तळाशी गेली.

मराठी घरातल्या या बँकेचं कामकाज सगळ्यांना माहीत आहे. पाहुणे निघताना चपला घालता घालता पोराच्या मुठीत नोट कोंबतात. पोराची आई "अहो, कशाला, नको नको" म्हणते. पाहुणी म्हणते, "तुला नाही गं, तिला देतेय." लिफ्ट तळमजल्यावर पोचायच्या आत ती नोट मुठीतून निघालेली असते. "दे, मी ठेवते, हरवशील." झाली ठेव जमा. पावती नाही, पासबुक नाही, वारसाची नोंद नाही. दारोदार फिरणारा पिग्मीवालासुद्धा दहा रुपयांची पावती फाडून देतो. आमच्या बँकेने दहा वर्षं ठेवी घेतल्या आणि एकदाही पैसे काढू दिले नाहीत. असं एखाद्या सहकारी बँकेने केलं असतं तर रिझर्व्ह बँकेने कलम ३५ अ लावून दाराशी नोटीस चिकटवली असती.

"पैसे सुरक्षित आहेत," मी म्हणालो. "फक्त सध्या काढता येणार नाहीत."

हे वाक्य माझं नाही. मुंबई-ठाण्याकडच्या माणसाला ते पाठ आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत एक हजार रुपये काढायची मुभा मिळाली होती. त्याच उदार परंपरेला धरून मी कन्येला पन्नास रुपये देऊ केले. तिने विचारलं, "बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा असतो. तुझ्याकडे आहे का?"

तिच्या शाळेत आर्थिक साक्षरतेचा कार्यक्रम झाला होता. मला वाटलं होतं, मातीच्या गल्ल्याचं चित्र रंगवून घेतील आणि एकेक गोळी देऊन घरी पाठवतील. कुणीतरी बाई मनापासून शिकवून गेल्या. त्यांच्यामुळेच कन्येला कळलं, की दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवता येतं. ही मुभा २०१४ पासूनच आहे. २१ एप्रिल २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने नवं परिपत्रक काढून तिची उजळणी केली आणि १ जुलैपर्यंत आपापली धोरणं त्यात बसवून घ्या, असं बँकांना सांगितलं. एवढी बातमी मी वाचली नव्हती. मी तेव्हा आयपीएलचा गुणतक्ता वाचत होतो.

तर आम्ही तिघं बँकेत गेलो. कुठल्या, ते सांगत नाही, अजून तिथे खातं आहे.

"दहा वर्षांच्या मुलीला स्वतंत्र खातं? अगदी मिळतं," साहेब म्हणाले. "फक्त पालकांना घेऊन या."

"आलोय."

"दोघंही?"

"दोघंही."

साहेब जरा हिरमुसले. मग त्यांनी स्वातंत्र्याचा अर्थ समजावून सांगितला. खातं मुलीचं, सही मुलीची, मोबाइल नंबर माझा आणि संमतिपत्र आईवडिलांपैकी एकाचं. शिल्लक किती ठेवायची आणि काढायचे किती, याच्या मर्यादा बँकेच्या धोरणाप्रमाणे. परिपत्रकात तशी सोय आहेच. खातं उघडू देता येईल, असं त्यात म्हटलंय, उघडून द्यावंच, असं नाही. सरकारी मराठीत 'येईल' आणि 'यावे' यांच्यामध्ये एक अख्खा तालुका बसतो.

एक नियम मात्र मला मनापासून आवडला. अज्ञानाच्या खात्यात शिल्लक उणे होऊ द्यायची नाही. अज्ञान म्हणजे कायद्याच्या भाषेत अठराच्या आतला. त्यापुढचे आपण सगळे सज्ञान, म्हणूनच आपल्याला क्रेडिट कार्ड मिळतं.

मग अर्ज आला. त्याची जाडी आमच्या सोसायटीच्या वार्षिक अहवालाएवढी. कन्या टेबलाशी उभी राहून भरू लागली आणि मी तिला काही सांगायचं नाही, असं आधीच ठरलं होतं. उत्पन्नाचा स्रोत : पगार, व्यवसाय, शेती, निवृत्तिवेतन, इतर. तिने 'इतर'वर खूण करून पुढे 'आत्या' असं लिहिलं. मला यात खोटं काही दिसलं नाही. भारताबाहेर कुठे कर भरता का? नाही. आपण राजकीयदृष्ट्या महत्त्वाची व्यक्ती आहात का? तिने मान वर करून विचारलं, "मी वर्गाची मॉनिटर आहे, ते चालेल का?" वैवाहिक स्थितीपाशी मात्र ती अडली.

"रिकामं सोडू का?"

"सोडू नको बाळा, सिस्टिम घेत नाही," टेबलापलीकडच्या मॅडम म्हणाल्या.

फोटोचं प्रकरण वेगळंच. आधारसाठी मुलांचे ठसे आणि फोटो पाचव्या वर्षी घेतात, नंतर एकदम पंधराव्या. मधली दहा वर्षं पोर वाढतं, आधार वाढत नाही. कार्डावर पुढचे दोन दात पडलेली बाहुली आणि समोर वेण्या घातलेली ही लेखापरीक्षक. मॅडमनी तीनदा कार्डाकडे आणि तीनदा तिच्याकडे पाहिलं. मी पॅन कार्ड पुढे केलं. अल्पवयीनांच्या पॅनवर फोटोच नसतो आणि सहीही नसते. मॅडम म्हणाल्या, यापेक्षा दात पडलेला बरा.

सहीची तयारी घरी चार दिवस चालली होती. पूर्ण नाव, देवनागरीत, खाली एक लांब शेपटी आणि शेपटीवर दोन टिंबं. "इंग्रजीत नाही करत?" मॅडमनी विचारलं. "माझं नाव मराठी आहे," कन्या म्हणाली. मराठीच्या अभिमानाची आंदोलनं मी बरीच पाहिली, पण इतक्या कमी खर्चात आटपलेलं हे पहिलंच. तरी घोळ झाला. दुसऱ्या सहीत एक टिंब राहून गेलं.

"सही जुळत नाही."

"तुमच्यासमोरच केली की हो," मी म्हणालो.

"समोर केली तरी जुळायला हवी ना."

हे मला पटलं. माझीही लग्नाच्या नोंदणीतली सही आणि गृहकर्जावरची सही जुळत नाही. दुसरी करताना हात कापत होता.

संमतिपत्रावर 'पालक' या शब्दापुढे मॅडमनी न विचारताच माझं नाव लिहायला घेतलं, तेव्हा सौभाग्यवतींनी तोंड उघडलं. त्यांचं वाचन माझ्यासारखं गुणतक्त्यापुरतं नाही. डिसेंबर १९८४ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या लहान मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला होता. नवराबायकोचं आपसांत ठरलं होतं, पालक म्हणून आईने सही करायची. रिझर्व्ह बँक म्हणाली, वडिलांची सही आणा. का, तर १९५६ च्या कायद्यात लिहिलंय, नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्यानंतर आई. हा 'नंतर' सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी १९९९ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की 'नंतर' म्हणजे बाप मेल्यावर, असा अर्थ घ्यायचा नाही. बापाच्या अनुपस्थितीत, असा घ्यायचा. आणि बाप जिवंत असूनही मुलांच्या कारभारात लक्ष घालत नसेल, तर तीही अनुपस्थितीच.

"लक्ष न घालणारा बाप," सौभाग्यवती माझ्याकडे न बघता मॅडमना म्हणाल्या, "लिहा माझं नाव."

गंमत अशी, की साध्या बचत खात्यापुरती आईला पालक मानायची मुभा रिझर्व्ह बँकेने १९७६ मध्येच दिली होती. आणि गावाकडे तर त्याहून जुना दाखला आहे. सातबाऱ्यावर अज्ञान खातेदाराच्या नावापुढे 'अ.पा.क.' लिहितात, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. आमच्या आजोबांच्या लहानपणी त्यांच्या नावापुढे अ.पा.क. आई होती. तलाठ्याला जे कळत होतं, ते कळायला दिल्लीपर्यंत जावं लागलं. मी बँकेच्या बाकावर बसून कायद्याने अनुपस्थित झालो.

माझं स्वतःचं पहिलं खातं आठवलं. ऐंशीचं दशक. वडिलांनी बोट धरून नेलं, पितळी बिल्ला हातात दिला आणि नंबर पुकारेपर्यंत हलायचं नाही, अशी तंबी दिली. पासबुक हाताने लिहायचे, व्याज पाच टक्के. त्यातही मेख होती. महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी रक्कम असेल तिच्यावरच व्याज. त्यामुळे वडील दर महिन्याला ९ तारखेला धावत भरायला जायचे आणि ११ तारखेला कितीही अडलं तरी काढायचे नाहीत. १ एप्रिल २०१० पासून व्याज रोजच्या शिल्लकेवर मोजतात. तोवर वडील निवृत्त झाले होते आणि धावायची सवय मात्र राहिली होती.

सुरुवातीला भरायच्या रकमेवरून थोडी घासाघीस झाली. तेव्हा मागच्या बाकावरचे एक गुरुजी खुदकन हसले. त्यांना २०२१ चा उन्हाळा आठवला. शाळा बंद, म्हणून सुट्टीतल्या पोषण आहाराचे पैसे थेट मुलांच्या खात्यात टाकायचं राज्य सरकारने ठरवलं. पहिली ते पाचवीच्या मुलाला १५६ रुपये, सहावी ते आठवीच्या मुलाला २३४. त्यासाठी प्रत्येक मुलाचं बँक खातं हवं. खातं उघडायला बँकेत पाचशे-हजार रुपये भरा, शिवाय तालुक्याला जाण्यायेण्याचं एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी बुडवा. "एक आजी मला म्हणाल्या," गुरुजी सांगत होते, "मास्तर, हे दीडशे रुपये सरकारलाच ठेवा, त्यांना लागत असतील." आर्थिक समावेशन म्हणजे काय, यावर मी बरेच जाड अहवाल चाळले आहेत. या आजींना त्यांपैकी कुणीही विचारलं नव्हतं.

खातं उघडलं. कन्येच्या खात्यावर बँकेने अभिनंदनाचा संदेश पाठवला, तो माझ्या मोबाइलवर आला. ओटीपीही माझ्याच मोबाइलवर येतो. स्वतंत्र खातेदार आता दर वेळी माझ्यासमोर हात पसरून म्हणते, "बाबा, ओटीपी दे." मला जरा सत्तेची झिंग चढते. ती फार टिकत नाही, कारण ओटीपी दहा मिनिटांतच मरतो.

व्याजाचं गणित तिने रात्री केलं. हल्ली स्टेट बँकेसकट बऱ्याच बँका बचत खात्यावर अडीच टक्के देतात. दोन हजारांवर वर्षाला पन्नास रुपये. म्हणजे खारी खाता खाता मी देऊ केले होते तेवढेच, त्यासाठी वर्षभर थांबायचं आणि सही जुळवायची. पोस्टात चार टक्के मिळतात, हेही तिला बाईंनी सांगितलं होतं. पुढच्या शनिवारी पोस्टात जायचं ठरलं आहे. कराचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. अज्ञान मुलाच्या व्याजाचं उत्पन्न आईबापांपैकी ज्याची कमाई जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवतात. आमच्या घरी तो मान सौभाग्यवतींचा. कन्येचे पन्नास रुपये त्यांच्या विवरणपत्रात जातील, तेव्हा पर्सच्या इतिहासात प्रथमच काहीतरी अधिकृतपणे जमा होईल.

राहिला घरच्या बँकेचा प्रश्न. १४,६५० पैकी २,००० रुपये खातं उघडताना भरले, उरले १२,६५०. बोरन्हाणाची रक्कम विवादित आहे, आजींची साक्ष व्हायची आहे. बाकीची परतफेड टप्प्याटप्प्याने करू, असं आम्ही उभयतांनी लेखी दिलं आहे. त्यावर आमच्या दोघांच्या सह्या घेतल्या गेल्या आणि माझी जुळली नाही म्हणून पुन्हा घेतली.

दिवाळी जवळ येतेय, म्हणून आमच्या समस्त नातेवाइकांना या सदरातूनच कळवतो : यंदापासून ओवाळणी, खाऊचे पैसे वगैरे कन्येच्या खात्यात परस्पर भरावेत. खाते क्रमांक तिच्याकडून घ्यावा. मला किंवा तिच्या आईला विचारू नये आणि निघताना दाराशी तर मुळीच काही देऊ नये, तिथे ती हल्ली वही घेऊन उभी असते.