हौशी गुप्तहेर व्हायचंय? आधी शतक निवडा

सर्वप्रथम अभिनंदन. जुन्या काळात जाऊन दुसऱ्यांच्या खुनांत नाक खुपसायचं, असं तुम्ही ठरवलंय. या कामाला पगार नाही, सुट्टी नाही. पण मालिका चालली तर वीसेक भाग तुम्हाला मरण नाही. एवढी हमी कुठल्याही विम्यात मिळत नाही.

शतक निवडताना घाई नको. आजचा काळ आपल्या कामाचा नाही. सीसीटीव्ही, मोबाइलचं लोकेशन आणि डीएनए यांच्यापुढे हौशी माणसाला विचारतो कोण? बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय १८९७ मध्ये कोलकात्यात उघडलं. त्याआधीचं कुठलंही साल नवशिक्याला सोयीचं. शक्यतो गादीवरून भांडण चालू असलेलं साल घ्या. चहूकडे मुडदे पडत असताना एकाच मुडद्याची चौकशी करत फिरणारा माणूस लोकांना वेडा वाटतो, आणि वाचकांना तोच आवडतो.

नमुना म्हणून ब्रदर कॅडफेलकडे बघा. एडिथ पार्जेटर यांनी एलिस पीटर्स या टोपणनावाने १९७७ ते १९९४ या काळात त्याच्या वीस कादंबऱ्या लिहिल्या. काळ बाराव्या शतकाचा. इंग्लंडच्या गादीसाठी स्टीफन आणि त्याची मामेबहीण मॉड यांच्यात यादवी माजलेली. वेल्सच्या सीमेलगत श्रूजबरीच्या मठात हा साठीला टेकलेला साधू औषधी वनस्पतींचा मळा सांभाळतो. जन्माने वेल्श, तरुणपणी क्रुसेडमध्ये लढलेला, दर्यावर फिरलेला, बायका-संसार काय असतो ते ठाऊक असलेला. १९७९ च्या ‘वन कॉर्प्स टू मेनी’मध्ये स्टीफन श्रूजबरीचा किल्ला घेतो आणि आतल्या चौऱ्याण्णव शिपायांना फासावर चढवतो. प्रेतांची नीट व्यवस्था लावायला कॅडफेल जातो आणि मोजतो, तर भरतात पंचाण्णव. जास्तीचा पोरगा फासावर गेलेला नाही. कुणीतरी त्याचा मागून गळा आवळून त्याला गर्दीत मिसळून दिलंय. चौऱ्याण्णव राजाच्या हिशेबातले, त्यांच्याबद्दल कुणी काही विचारायचं नाही. पंचाण्णवाव्याबद्दल मात्र हा म्हातारा अडून बसतो. मला विचाराल तर ऐतिहासिक रहस्यकथा हा सगळा साहित्यप्रकार या एका मोजणीत आहे. मोजणी नीट जमेपर्यंत पुढच्या धड्याकडे वळू नका.

पुढचा धडा पोटापाण्याचा. हौशी गुप्तहेराला दुसरा धंदा हवाच, आणि तो पुस्तकात शोभेपुरता असून चालत नाही. ‘मंक्स-हूड’मध्ये ज्या विषाने माणूस मरतो ते बचनागाचं तेल खुद्द कॅडफेलने बनवलेलं असतं, सांधेदुखीवर बाहेरून चोळायला. ते कुठे ठेवलं होतं, कुणाला दिलं, अंगाला किंवा कपड्याला लागलं तर वास किती वेळ राहतो, हे त्याच्याशिवाय कुणाला कळणार? तपास म्हणजे त्याच्या रोजच्या कामाचाच पुढचा भाग. वाचकही खरं म्हणजे त्याच्या औषधांच्या कुटीसाठीच येतो: आढ्याला टांगलेल्या जुड्या, उकळणारे काढे, आणि जरा नजर वळली की काढा करपवणारा एखादा धांदरट शिकाऊ साधू. खून हे आत शिरायचं तिकीट. म्हणून तर खुनी कोण हे ठाऊक असलेली पुस्तकं लोक पुन्हा पुन्हा वाचतात. नुसत्या कोड्यांच्या रहस्यकथांना हे भाग्य क्वचितच लाभतं.

मळा नको असेल तर उत्खनन घ्या. एलिझाबेथ पीटर्स (हेही टोपणनावच, एलिसशी नातं नाही) म्हणजे इजिप्तविद्येत डॉक्टरेट मिळवलेल्या बार्बरा मेर्ट्झ. त्यांची अमेलिया पीबडी व्हिक्टोरियन काळात छत्री परजत इजिप्तच्या वाळूत फिरते आणि दर हंगामाला थडग्यात एक तरी ताजं प्रेत शोधून काढते. शेजारी म्हणून अशी बाई नको, पण प्रवासाला सोबत उत्तम.

आता प्रवेशाचा प्रश्न. पोलिसांना जिथे जाता येत नाही तिथे तुम्हाला जाता आलं पाहिजे. सुजाता मॅसी यांची परवीन मिस्त्री १९२१ च्या मुंबईत वडिलांच्या कार्यालयात सॉलिसिटर आहे. काळ ठशांच्या नंतरचा आहे, पण ठसे घ्यायला आत जाणार कोण? मलबार हिलवरच्या बंगल्यात एका मुसलमान गिरणीमालकाच्या तीन विधवा पडद्यात राहतात. परपुरुषाला आत मज्जाव, त्यामुळे कागदावरच्या त्यांच्या सह्या खऱ्या का आणि कशावर केल्यात हे त्यांनाच विचारायचं तर बाईमाणूसच हवं. परवीनला कोर्टात उभं राहून वकिली करता येत नाही. स्त्रियांवरची ती बंदी १९२३ च्या कायद्याने उठली. म्हणजे ज्या बाईपणामुळे कोर्टाचं दार बंद, त्याच बाईपणामुळे जनान्याचं उघडं. यात कल्पनेचे इमले कमी आहेत. कॉर्नेलिया सोराबजी १८६६ मध्ये नाशकात जन्मल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली आणि पुढे पडदानशीन बायकांच्या मालमत्तेची प्रकरणं वर्षानुवर्षं सांभाळली. त्यांच्यापासून प्रेरणा घेतल्याचं मॅसी सांगतात.

अधिकाऱ्यांतही एक दोस्त ठेवा, नाहीतर मेहनतीने शोधलेला खुनी धरून नेणार कोण? कॅडफेलला ह्यू बेरिंगर आहे. दोघं आधी एकमेकांना जोखतात, मग दोस्ती होते, आणि पुढे काही गोष्टी ह्यू मुद्दाम विचारत नाही. हा शेवटचा भाग महत्त्वाचा. हौशी माणूस कायद्याचा नोकर नसतो, त्यामुळे सत्य कळल्यावर ते कुणाला सांगायचं हे तो ठरवू शकतो. कॅडफेल कधी कधी गुन्हेगाराला फासाऐवजी दुसरी वाट दाखवतो. असं करताना लेखकाने हात आखडला, की ती मालिका मी बाजूला ठेवतो.

टाळायच्या गोष्टी थोडक्यात. आजची मतं जुन्या माणसाच्या तोंडी घालू नका. गाढा अभ्यास केला असेल तर तो दर पानावर सांडू नका. आणि गाव लहान निवडलं असेल तर लोकसंख्येकडे लक्ष ठेवा. दहाव्या भागापर्यंत संशयितही उरत नाहीत.

सरावासाठी परगावी जायची गरज नाही. घाशीराम कोतवालाच्या अमलातलं पुणं घ्या, १७९१ मध्ये लोकांनी त्याला दगडांनी ठेचण्याआधीचं. कोतवालाकडे दाद मागायला जावं अशी परिस्थिती नाही, म्हणजे आपल्या कामाला जागा झाली. धंदा दप्तरातल्या कारकुनाचा. बोरूची धाटणी, शाईचा रंग, मोडीतली वळणं ओळखणारा, सगळ्यांच्या कागदांतून ये-जा असलेला, आणि कुणाच्या खिजगणतीत नसलेला. नारायणरावाच्या खुनातल्या ‘ध’ चा ‘मा’ची दंतकथा त्याने लहानपणी ऐकलेली असणारच. ही जागा भरायची आहे. मोडी येत असेल तर लिहायला बसा. येत नसेल तर आधी ती शिका.