ट्रॉम्बोनचा बंदोबस्त

भंडारा रोड नावाचे रेल्वे स्थानक भंडाऱ्यात नसून तेथून दहा-बारा किलोमीटरवर, मोहाडी तालुक्यातील आमच्या वरठीत आहे, आणि त्यामुळे भंडाऱ्याच्या नावाने येणारा सगळा कोलाहल शंभरावर वर्षे वरठीकरांनी आपल्या कानांवर विनातक्रार झेलला आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावरील मालगाड्या रात्री-अपरात्री दीर्घ शिट्या देत जातात, विदर्भ एक्सप्रेस आणि महाराष्ट्र एक्सप्रेस यांच्या आगमनाची वर्दी ध्वनिक्षेपकावरून एकीपेक्षा अधिक भाषांत दिली जाते, पोलादाच्या कारखान्यात अहोरात्र पाळ्या चालतात, आणि दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले की दंडारीच्या ढोलक्या व झाडीपट्टीच्या नाटकांतील गर्जना पहाटेच्या कोंबड्यालाही बोलू देत नाहीत. या समस्त नादब्रह्माच्या कुशीत सुखाने घोरणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांचे स्वास्थ्य सायंकाळी, दिवाबत्तीच्या वेळी, एका माणसाने आपल्या अंगणात एक ट्रॉम्बोन वाजविल्याने कायमचे बिघडते, यातील कार्यकारणभाव तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या माणसालाही उलगडलेला नाही.

हे वाद्य माझ्याकडे संगीताच्या मार्गाने आले नाही, मोडीच्या भावाने आले. लग्नसराईत वराती गाजविणाऱ्या एका बँडपथकाने काळाची पावले ओळखून डीजेची गाडी घेतली, आणि क्लॅरिनेट, युफोनियम वगैरे मंडळींची रवानगी भंडाऱ्याच्या भांडेबाजारात केली. भंडारा हे पितळेचे गाव. तेथे कोणत्याही पिवळ्या वस्तूची पहिली चौकशी वजनाची होते, आणि मेरठच्या जली कोठीत घडलेला हा ट्रॉम्बोन तराजूच्या पारड्यात फुटक्या घागरींच्या शेजारी आडवा पडलेला मला दिसला. त्याची नळी सरळ केली तर सुमारे नऊ फूट भरते, तिच्यात सात जागांवर सरकणारी स्लाइड असते, आणि ती पूर्ण बाहेर काढली की समोरच्या माणसाला स्वतःच्या जबाबदारीवर उभे राहावे लागते. निवृत्त माणसाला मोकळा श्वास घ्यावा असे डॉक्टर सांगतात. तो कोठे सोडावा हे सांगत नाहीत. मी तो या नळीत सोडू लागलो.

यथावकाश दरखास्त आली. शेजारच्या गुरुजींनी ती स्वहस्ते लिहिली होती, आणि सेवेतील संस्कारामुळे मी ती प्रथम मसुदा म्हणूनच वाचली. विषय स्पष्ट होता, परिच्छेदांना क्रमांक होते, निवासी क्षेत्रात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतील मर्यादा बिनचूक उद्धृत केली होती. फक्त ‘सोबत’ या सदराखाली काहीच जोडलेले नव्हते. ती उणीव मी त्यांच्या निदर्शनास आणून दिली असता त्यांनी बोटाने माझ्या ट्रॉम्बोनकडे निर्देश केला. जोरात फुंकलेला ट्रॉम्बोन जवळून मोजला तर शंभर डेसिबलचा उंबरठा सहज ओलांडतो, तेव्हा वस्तुस्थितीबद्दल वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी उत्तरादाखल लिहून दिले की सदर वाद्यास म्यूट बसविण्याची तजवीज करण्यात येत आहे.

या एका वाक्यामुळे घरात आणि आळीत जो गैरसमज रुजला तो अद्याप उपटून निघालेला नाही. सर्वांची समजूत अशी की म्यूट म्हणजे गप्प करण्याचे साधन. कुटुंबाने तर जुनी गोधडी काढून ती भोंग्यात कोंबावी, असा सुटसुटीत उपाय सुचविला. वास्तविक म्यूटचे मुख्य काम आवाज मारणे हे नसून आवाजाचा स्वभाव पालटणे हे आहे. तो भोंग्याच्या तोंडाशी बसला की काही स्वरांश अडतात, काही अधिक टोकदार होतात, आणि मघापर्यंत सभेत टेबलावर मूठ आपटणारा गृहस्थ एकाएकी दाराआडून कुजबुजू लागतो. कुजबुज ही शांतता नव्हे. कित्येकदा ती अधिक ऐकू येते.

सरळ म्यूट हा या कुळातील मूळपुरुष. आकार निमुळत्या शंकूचा, रुंद बाजूला बूड, निमुळती बाजू उघडी, आणि ती भोंग्यात सरकवायची. अंगावर बुचाच्या तीन पट्ट्या असतात; त्यांच्यामधल्या फटींतून वारा निसटतो म्हणून वाद्य बोलते. परदेशी बनावटीच्या ॲल्युमिनियमच्या म्यूटला काही हजार रुपये पडतात हे कळल्यावर, धातुकामासाठी जगाकडे हात पसरणे भंडारा जिल्ह्याच्या रहिवाशास शोभत नाही, असे मला वाटले, आणि कागदावर आकृती काढून मी भंडाऱ्यातील एका वृद्ध कासाराकडे गेलो.

“काय जी साहेब, नरसाळं बनवाचं हाय का?” त्याने विचारले.

नरसाळ्याला बूड नसते, याला हवे, असे मी सांगितले.

“बूड हाय तर मंग वततान कुठून?”

यात ओतायचे काही नाही, समोरून फुंकायचे आहे, या खुलाशाने त्याच्या मुद्रेवर जो भाव उमटला तो मी जमाबंदीच्या सुनावणीत अनेक खातेदारांच्या मुद्रेवर पाहिला होता. थोडा वेळ तो आकृतीकडे पाहत राहिला. मग कारागिराची बुद्धी ग्राहकाच्या बुद्धीपासून अलग ठेवावी या पुरातन व्यवहारनीतीस अनुसरून त्याने एवढेच विचारले, “पितरेचं पाह्यजे का तांब्याचं? आतून कल्हई करू?”

हा प्रश्न वाटतो तितका अप्रस्तुत नव्हता. म्यूटच्या बुडाचा धातू बदलला की आवाज बदलतो असे जाणकार सांगतात. ॲल्युमिनियमचे बूड चकचकीत, धारदार बोलते, तांब्याचे बूड तोच आवाज जरा काळवंडून खाली आणते, आणि म्हणून तांब्याच्या बुडाचे म्यूट वेगळे विकले जातात. कासाराने पितळेचे अंग आणि तांब्याचे बूड असा म्यूट घडविला. घडाई निर्दोष होती, ठोक्यांची वीण पाहत राहावी अशी होती, आणि वजन असे होते की तो भोंग्यात बसविताच वाद्याने पुढच्या पुढे साष्टांग नमस्कार घातला. ट्रॉम्बोनचा सगळा भार डाव्या हातावर असतो आणि उजवा हात स्लाइडमध्ये गुंतलेला. अशा वेळी पुढच्या टोकाला जड वस्तू लटकविली तर संगीत संपून व्यायाम सुरू होतो. तो म्यूट आता दिवाणखान्यात उलटा उभा आहे. रुंद बूड खाली, निमुळते तोंड वर. कुटुंबाने त्यात निशिगंध ठेवला आहे आणि माझ्या संगीतसाधनेतून निघालेली ही एकमेव उपयुक्त वस्तू आहे असे ती पाहुण्यांना सांगते.

अखेर ॲल्युमिनियमचा म्यूट मागवावा लागला. त्यासोबत आलेले ज्ञान मात्र फुकट होते. नव्या म्यूटची बुचे मुद्दाम जाड ठेवलेली असतात, आणि ती पॉलिश पेपरने घासून आपापल्या भोंग्याच्या मापाची करावयाची असतात. कमी घासली तर म्यूट बाहेर राहतो आणि आवाज पत्र्याचा येतो. जास्त घासली तर तो आत रुततो आणि वाद्य घुसमटते. बसविण्यापूर्वी भोंग्यात तोंडाची वाफ सोडावी आणि म्यूट किंचित पिळून दाबावा, म्हणजे ओलसर बूच धातूला धरते. हे न केल्यास काय होते ते आमच्या घरातील फरशीने आणि त्या वेळी वामकुक्षी घेत असलेल्या माझ्या साडूंनी अनुभवले आहे.

दुसरी बाब सुराची. सरळ म्यूट सूर थोडा चढवितो. ही खोड फार जुनी आहे. माँतेव्हेर्दीच्या 1607 सालच्या ‘ऑर्फेओ’ या संगीतनाट्याच्या प्रारंभी म्यूट लावलेले तुतारीवादक आहेत, आणि त्या काळच्या लाकडी म्यूटने तुतारीचा सूर चांगला एक स्वर वर जाई. ट्रॉम्बोनवाल्याला याची भीती नाही, कारण स्लाइड जराशी बाहेर ओढली की चढलेला सूर खाली येतो. भीती उलट प्रकाराची. पेल्याच्या आकाराचे काही म्यूट सूर उतरवितात, आणि स्लाइड पहिल्या जागेवर असेल तर ती अगोदरच पूर्ण आत गेलेली असते. तिथून आणखी आत जाण्यास वाव नाही. सबब विकत घेताना पहिल्या जागेचे स्वर वाजवून पाहावेत. दुकानदार मधलेच स्वर वाजवायला सांगतो.

आता रबरी म्यूटविषयी, कारण माझा सर्वाधिक जीव त्याच्यावर आहे. तुंबलेली मोरी मोकळी करण्यासाठी लाकडी दांड्याचा जो रबरी वाडगा मिळतो, त्याचा दांडा काढून उरतो तोच हा म्यूट; याहून उच्च कुळाचा दावा त्याने कधी केलेला नाही. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात 1926 पासून 1946 साली मरेपर्यंत वाजविणाऱ्या जो नॅन्टन याने भोंग्यात तुतारीचा लहान म्यूट बसवून वर हा वाडगा डाव्या हाताने उघडझाक करीत ट्रॉम्बोनला अक्षरशः माणसाच्या वाणीने बोलते केले. मी ट्रॉम्बोन खांद्यावर टाकून वरठीच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि माप जुळते का हे पाहण्यासाठी तिथले रबरी वाडगे एकामागून एक भोंग्यावर लावून पाहू लागलो. दुकानदाराने आदराने विचारले की तुंबले नेमके कुठे आहे. दांडा नको म्हणून किंमत कमी करण्यास त्याने नकार दिला. दांडा मला परत दिला. तो आता कुटुंबाच्या ताब्यात आहे आणि त्याच्या उपयोगाविषयी मी बोलत नाही.

लुचानो बेरिओ या इटालियन संगीतकाराने 1966 साली ग्रोक नावाच्या विदूषकाच्या स्मरणार्थ एकट्या ट्रॉम्बोनसाठी एक रचना केली. तीत वादक रबरी म्यूट वापरतो आणि मध्येच वाद्य खाली घेऊन श्रोत्यांना ‘का?’ असे विचारतो. वरठीत हा प्रश्न श्रोते विचारतात, आणि वादन सुरू होण्यापूर्वीच विचारतात.

बादलीसारखा म्यूट, हार्मन म्यूट वगैरे आणखी सरदार-दरकदार आहेत. हार्मनला बुचाचे सलग कडे असते, त्यामुळे सगळा श्वास त्याच्या पोटातून जातो आणि आवाज बारीक, धातूचा, दूरचा येतो. पण घराघरांतून ज्याची शिफारस होते तो सरावाचा म्यूट. याची रचना खरोखरच गप्प करण्यासाठी असते. यामाहा कंपनीने तर अशा म्यूटच्या पोटात ध्वनिग्राहक बसवून वादकाच्या कानाला यंत्र जोडले आहे. त्याला स्वतःचे वादन ऐकू येते, इतरांना केवळ त्याचे फुगलेले गाल दिसतात. शहरातील सदनिकांत हे साधन उपकारक असेल, पण त्यात श्वास तुंबतो, खालचे स्वर पातळ होतात, आणि रोज त्यातच वाजविणारा माणूस उघड्या वाद्यावर आला की अकारण ओरडतो.

म्यूट निवडताना एक अडचण अशी की तो कसा वाजतो हे वाजविणाऱ्याला कळत नाही. भोंगा पुढे, कान मागे. 1935 साली लिऑन ॲबीचे पथक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले, त्यांच्या मागोमाग गोव्याचे वादक जाझमध्ये रंगले, आणि त्यांतील चिक चॉकलेट हा तुतारीवादक पुणतांब्याच्या चितळकरांचा, म्हणजे सी. रामचंद्रांचा, ‘अलबेला’साठी 1951 साली सहायक होता, पण या मंडळींना पलीकडून ऐकणारा संगीतकार आणि ध्वनिमुद्रक तरी लाभत होता. मला वरठीत कोण लाभणार? विचारान्ती मी खुद्द अर्जदार गुरुजींनाच पंच म्हणून पाचारण केले. अंगणापलीकडे खुर्ची टाकून, वही-पेन्सिल घेऊन ते बसले. सरळ म्यूटला त्यांनी ‘नाकात बोलतो, पण शब्द स्वच्छ’ असा शेरा दिला. पेल्याला ‘जेवून बसलेला’. सरावाच्या म्यूटबद्दल त्यांनी बराच वेळ काही लिहिले नाही, मग वाजविण्यास सुरुवात केव्हा करणार असे विचारले. रबरी वाडग्याची पाळी आली तेव्हा मात्र त्यांची पेन्सिल थांबली.

“साहेब,” ते म्हणाले, “हा माझ्याविषयी काहीतरी बोलतो आहे. पुन्हा लावा पाहू.”

त्यांच्याविषयी तो काय बोलतो हे समजून घेण्यासाठी गुरुजी अधूनमधून सायंकाळी येतात. दरखास्त दप्तरी दाखल आहे. ती मागे घेतली नाही, चालविलीही नाही.

तेव्हा ज्याच्या घरात ट्रॉम्बोन शिरला असेल त्याने प्रथम ॲल्युमिनियमचा सरळ म्यूट घ्यावा, दुसरा हार्डवेअरच्या दुकानातला रबरी वाडगा, आणि बाकीच्यांसाठी मागणी करणारा वाद्यवृंद भेटेपर्यंत पैसे घरात ठेवावेत. निवड करताना तक्रारदारास समोर बसवावे, त्याच्याइतके लक्ष देऊन दुसरे कोणी ऐकत नाही. आणि बुचे एका बैठकीत घासू नयेत. थोडी घासावी, बसवून पाहावी, पुन्हा घासावी. घासलेले बूच दुकानदार परत घेत नाहीत.