चिंधी बघू!

आप्पांना तुम्ही ओळखता. तुमच्या ओळखीतले आप्पा पेटीतला हापूस एकेक करून हुंगत असतील आणि दुकानदाराला घाम फोडत असतील. आमचे आप्पा अमेरिकेत सिनसिनाटीला असतात आणि ठासणीच्या रायफलीसाठी गोळी निवडतात. निवृत्त झाले तेव्हापासून निवडतायत.

शिकारीबिकारीचं नाव नाही. पन्नास यार्डांवर कागद लावायचा, नळीत ७० ग्रेन काळी दारू ओतायची, गोळी ठासायची, बार काढायचा. झाला खेळ. यातल्या ‘गोळी ठासायची’ या तीन सेकंदांच्या कामाआधी आप्पांचा अर्धा रविवार जातो.

रायफल .५० कॅलिबरची. तिच्यात शिशाची गोल गोळी जाते, .४९० इंच व्यासाची. उरलेली फट भरायला गोळीभोवती वंगण लावलेली सुती चिंधी. ही चिंधी नळीतल्या आट्यांत रुतते, गोळीला फिरकी देते आणि बाहेर पडल्यावर थोडं पुढे जाऊन गवतात गळते. कुठलाही शहाणा माणूस बार झाल्यावर टार्गेटकडे बघतो. आप्पा म्हणतात, “चिंधी बघू!”

गोळीबार थांबवल्याचा पुकारा झाला की ते कमरेत वाकून गवत धुंडाळतात. सापडलेली चिंधी उन्हात धरतात. मधोमध काजळीचा गोल, कडा जराशा विसकटलेल्या, बाकी कापड शाबूत, म्हणजे पत्रिका उत्तम. मध्ये जळून भोक पडलेलं असेल तर वंगण कमी किंवा कापड पातळ. चिरा पडल्या असतील तर आट्यांच्या कडा धारदार. एकदा मी म्हणालो, “आप्पा, नेम बरोबर मधल्या काळ्या ठिपक्यात बसलाय.” आप्पा चिंधीवरून नजर न काढता म्हणाले, “बसेल रे. पण का बसला?”

गोळ्या ते घरीच ओततात. शिसं शुद्ध हवं, नखाने ओरखडा उठला पाहिजे. गाडीच्या चाकाला लावतात त्या वजनांचं शिसं चालत नाही. त्यात अँटिमनी असतं, गोळी कडक होते. साचा थंड असला तर गोळीला सुरकुत्या पडतात, ती परत भांड्यात. उरलेली प्रत्येक काट्यावर. गोळी १७७ ग्रेन भरली पाहिजे. जरा हलकी भरली की आत हवेचा फुगा असल्याचा संशय, आणि संशयिताला जामीन नाही. १७७ ग्रेन म्हणजे तोळ्याला फक्त तीन ग्रेन कमी. हा हिशेब काकूंना कळला त्या दिवसापासून त्या गॅरेजकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगतात, “आमच्याकडे शेकड्यांनी तोळे पडलेत. शिशाचे.”

कापड घ्यायचं तर गादीच्या अभ्ऱ्याचं, निळ्या पट्ट्यांचं. आप्पा कापडाच्या दुकानात मायक्रोमीटर घेऊन जातात. ठाण उलगडून जाडी मोजतात, इंचाचे पंधरा हजारांश. दुकानातली मुलगी विचारते, “सोफ्याला की पडद्याला?” आप्पा खरं ते सांगतात. मग मॅनेजर येतो.

लांबट गोळीचा विषय मीच काढला होता. कॅप्टन मिनीए या फ्रेंच अधिकाऱ्याने १८४९ साली पोकळ बुडाची गोळी आणली. ती नळीत सहज सरकते, बाराच्या जोराने बुडाशी फुगते आणि आट्यांना चिकटते. चिंधीची गरजच नाही. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. “गरज नाही हे खरं. पण चिंधीच नसेल तर कळणार कसं?” त्यात त्यांच्या नळीचे आटे ४८ इंचांत एक फेरा घेणारे. गोल गोळीला मंद फेरा आवडतो, लांबट गोळीला जलद, हा मधलाच. दुकानदाराने ही सोय म्हणून विकली, आप्पांनी ती शंका म्हणून घरी आणली.

वंगणाचे प्रयोग वेगळे. थुंकी झाली, मेण झालं, शेवटी घरचं तूप. काकूंनी कढवलेलं तूप बंदुकीत जाताना पाहिलं तेव्हा आप्पांनी इतिहासाचा आधार घेतला. १८५७ साली एन्फिल्डच्या काडतुसांच्या चरबीवरून शिपाई बिथरले, तेव्हा वंगण आपल्या पसंतीचं लावा अशी मुभा कंपनी सरकारने दिली होती. काकू म्हणाल्या, “मुभा दिली तरी उठाव झालाच ना? मग तुपाला हात लावू नका.”

इंडियाना राज्यात फ्रेंडशिप नावाचं खेडं आहे. तिथे १९३३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय ठासणी-रायफल संघटनेचं मैदान आहे. तिथल्या सामन्यांना हरणाच्या कातड्याचे डगले घालून लोक येतात. आप्पांच्या शेजारी एक म्हातारा उभा राहिला. पिशवीत हात घालून आली ती गोळी घेतली, पट्टेरी कापड तोंडात ओलं केलं, नळीच्या तोंडाशी सुरीने कापलं, ठासलं, आणि बार थेट मध्यात. आप्पांनी गोळीचं वजन विचारलं. म्हातारा म्हणाला, “हाताला लागली तेवढी.” आप्पा अस्वस्थ झाले. थोड्या वेळाने पाहिलं तर म्हाताऱ्याची चिंधी शोधत होते.

परतताना गाडीत ते सावंतवाडीकडच्या घराबद्दल बोलले. वडिलांकडे ठासणीचीच बंदूक होती. शेतसंरक्षणाचा परवाना, वानर आणि डुकरांसाठी. दारू मोजकी, शिसं मिळेल ते, बार फुकट गेला तर घरात दिवसभर कोणी बोलायचं नाही. निवडीचा प्रश्नच नव्हता. मग मार्कांनी कॉलेज ठरवलं, वडिलांनी शाखा, मामाने स्थळ, कंपनीने देश. हे सगळं आप्पांनी तक्रारीने सांगितलं नाही, काटा वाचून दाखवावा तसं सांगितलं. सत्तरीला आलेल्या माणसाला पहिल्यांदाच काही निवडायला मिळालंय. तो ते लवकर कशाला संपवील? त्या दिवसापासून त्यांच्याबरोबर वाकून चिंध्या शोधायला मला जड जात नाही.

परवा त्यांनी दुसरी रायफल घेतली. २८ इंचांत एक फेरा, खास लांबट गोळीसाठी. काकूंना हायसं वाटलं. “आता चिंधी नाही, म्हणजे बघायला काही नाही!”

“आहे की,” आप्पा म्हणाले. “गोळीच बघू. टार्गेटमागच्या बांधातून उकरून.”

त्यासाठी फावडं कुठलं घ्यावं, यावर सध्या त्यांचा विचार चालू आहे.