नवं मॉडेल येऊ द्या, मग बघू

परभणी जिल्ह्यातल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात तीन प्रकारची माणसे आढळतात: विकणारा, घेणारा आणि थांबलेला. पहिले दोघे व्यवहार झाला की पांगतात. तिसरा बारमाही असतो. वय पन्नाशीच्या आसपास, बागायत बऱ्यापैकी, दारात एक स्प्लेंडर आणि गाडीपुरते पैसे बँकेत आहेत असा गावात बोलबाला. हा गृहस्थ अनेक वर्षांपासून जुनी थार घेणार आहे. नवे मॉडेल आले की मागच्याचा भाव पडतो, हा त्याचा सिद्धांत. आणि नवे मॉडेल कायम वाटेवरच असते.

थारच का, याला कारण आहे. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे जिल्ह्यात छातीठोकपणे सांगितले जात असले, तरी जर्मनीची पोर्शे इथल्या पहिल्याच पांदीत पोट टेकून बसेल. त्यामुळे स्पोर्ट्स कारचा जो काही मान असतो तो इथे नाशिकच्या कारखान्यातून येणाऱ्या थारला मिळतो. ती वेगाने जाते की नाही हा प्रश्न गौण आहे. ती दारात उभी असते, हे महत्त्वाचे.

थांबलेला गृहस्थ आरटीओ कचेरीजवळच्या चहाच्या हॉटेलात, गॅरेजसमोरच्या बाकावर आणि लग्नाच्या मंडपाबाहेर दिसतो. मंडपाबाहेर विशेषतः, नवरा-नवरीपेक्षा बाहेर लावलेल्या गाड्यांकडे त्याचे लक्ष जास्त. कुणाचीही थार दिसली की तो आधी टायरवरचे चार आकडे वाचतो. त्यातले पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष, हे तो कुणी न विचारता शेजारच्याला सांगतो. मग दार उघडून लावतो, आवाज ऐकतो, बोनेटच्या कडेवरून बोट फिरवून ‘टचअप झालंय’ असा निकाल देतो. शेवटी मालकाला विचारतो, “कितीला द्याल?” मालक गाडी विकत नसतो. तरी तो काही आकडा बोलेपर्यंत याचे पुढचे वाक्य तयार असते: “नवं मॉडेल यायलंय म्हनं. मग काय ऱ्हाईल हिचं?”

सिद्धांत अर्धा खरा आहे, हीच अडचण. जुन्या गाडीच्या भावाला नव्या गाडीची किंमत हे छत असते. तेच काम जास्त चांगले करणारी गाडी त्याच पैशात मिळू लागली, की आदल्या मॉडेलला खाली सरकावे लागते. विमा कंपन्यांच्या कोष्टकात तर घसरण आधीच लिहिलेली आहे: एक ते दोन वर्षांच्या गाडीची किंमत २० टक्के कमी धरायची, चार ते पाच वर्षांच्या गाडीची ५० टक्के. हे कोष्टक थांबलेल्याला पाठ असते. बाजारातली थार या कोष्टकाला जुमानत नाही, हे त्याला मान्य नसते.

सिद्धांताची पहिली परीक्षा २०२० मध्ये झाली. जुनी थार २०१० पासून चालू होती. निरोप म्हणून २०१९ मध्ये कंपनीने तिच्या शेवटच्या ७०० गाड्या ‘थार ७००’ नावाने काढल्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले, १५ ऑगस्टला नवी थार दाखवली गेली आणि २ ऑक्टोबरला ९ लाख ८० हजारांपासून पुढे किंमत जाहीर झाली. मागच्या बाजूला समोरासमोर बसायच्या बाकांऐवजी पुढे तोंड केलेली आसने, पक्के छत, पेट्रोल इंजिन, ऑटोमॅटिक गिअर. जुनीने लाजून भाव पाडावा असे सगळे होते. पहिल्या गाडीच्या लिलावात १ कोटी ११ लाख रुपये आले आणि ते कोविड मदतकार्याला गेले. थांबलेला गृहस्थ पैसे मोजून बसला.

भाव पडला नाही. नव्या गाडीसाठी महिनोन् महिने थांबायची पाळी आली, पुढच्या वर्षी चिपचा तुटवडा आला आणि ज्यांना दम धरवत नव्हता ते जुन्या गाडीकडे वळले. नवे मॉडेल जाहीर होणे वेगळे आणि ते मिळणे वेगळे. जाहीर होऊनही हाती लागत नाही, तोवर आदल्या मॉडेलचा मालकच राजा असतो. या धक्क्याने दुसरा एखादा खचला असता. हा म्हणाला, “घाई कशाला? थांबा की जरा.”

मधल्या काळात त्याने स्कॉर्पिओवर नजर वळवली. २७ जून २०२२ ला स्कॉर्पिओ-एन आली; आता जुनी मातीमोल होणार, असे त्याने हॉटेलात जाहीर केले. ऑगस्टमध्ये कंपनीने जुनीच गाडी ‘क्लासिक’ नावाने शोरूममध्ये परत उभी केली. कार्यकर्त्यांना जो चेहरा हवा होता तो नव्या गाडीत नव्हता, हे कंपनीला कळले होते. याला कळले नव्हते. आदले मॉडेल शोरूममध्ये चालूच राहिले, तर वापरलेले मोडीत निघायचे कारण उरत नाही. कंपनीने फसवले, असे तो आजही सांगतो.

विजयाचा दिवस आला तो १५ ऑगस्ट २०२४ ला. पाच दारांची थार रॉक्स १२ लाख ९९ हजारांपासून जाहीर झाली आणि ३ ऑक्टोबरला नोंदणी उघडताच पहिल्या तासात १ लाख ७६ हजारांवर बुकिंगे झाली. या वेळी वर्मावर घाव बसला होता. तीन दारी थारमध्ये मागे बसायचे म्हणजे पुढचे आसन वाकवून आत शिरायचे. लुगडे नेसलेल्या आजीला गंगाखेडला गोदास्नानाला न्यायचे तर घरातल्या दोघांना हाताला धरावे लागते. रॉक्सने नेमकी हीच अडचण काढली. कुटुंबासाठी बघणारे तीन दारीपासून हटले, कंपनीच तिच्यावर सूट देऊ लागली आणि नव्या गाडीवरच सूट म्हटल्यावर जुनीचे छतही खाली आले. थांबलेल्या गृहस्थाने संपूर्ण गॅरेजला चहा पाजला. गाडी घेतली नाही. “आत्ता तर पडायलाय. अजून पडंल.”

अजून पडला. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आणि टू-व्हील-ड्राइव्ह डिझेल थार १ लाख ३५ हजारांपर्यंत, बोलेरो १ लाख २७ हजारांपर्यंत स्वस्त झाली. नवे मॉडेल न येताच नव्या गाडीची किंमत उतरली, त्यामुळे वापरलेल्या गाडीवाल्यांना आकडे परत लिहावे लागले. इतकी वर्षे ज्या भावाची वाट पाहिली तो समोर आला, तेव्हा गृहस्थ म्हणाला, “नवीच एवढी स्वस्त झाली, तर आता जुनी कशाला घ्यायची?” आणि नवीचे काय, असे विचारल्यावर: “तिचं पण नवं मॉडेल यायलंय.” घरातून यावर एकच प्रतिक्रिया नोंदलेली आहे: “अहो, तुमचं मॉडेल येईस्तोवर पोरं लग्नाला येतील.” तोवर बायको-मुले एसटीने जातात.

हा स्वभाव फक्त गाडीपुरता नसतो. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, तेव्हा मानवत-सेलूकडे ज्यांनी वेळीच घातला त्यांचे भले झाले. पुढच्या वर्षी याने घरात कापूस भरून ठेवला आणि भाव उतरत गेला. विकताना चढण्याची वाट आणि घेताना पडण्याची वाट, अशा दोन वाटांमध्ये त्याची वर्षे जातात.

सिद्धांत उलटा फिरलेली उदाहरणे त्याच्यासमोर ठेवून उपयोग होत नाही. जर्मनीत पोर्शेने १९९० च्या दशकाच्या शेवटी ९११ ला पाण्याने थंड होणारे इंजिन बसवले. त्याआधीच्या, हवेने थंड होणाऱ्या गाड्यांना पुढे असे दाम आले की नवीवाल्यांनी हेवा करावा. नव्यात जे उरले नाही त्याचेच मोल चढले. इतके लांब जायचे नसेल तर आरएक्स १०० आहे. यामाहाची ही गाडी १९९६ मध्ये बंद झाली. तेव्हा याने आपली, ‘फोर-स्ट्रोक आल्यात, आता हिला कोण इचारतंय’ असे म्हणून, फुंकून टाकली. आज चांगल्या स्थितीतली आरएक्स १०० नवी असतानाच्या किमतीच्या कितीतरी पटीने जाते. हा विषय निघाला की तो चहाचे पैसे द्यायला उठतो, आणि असे एरवी होत नाही.

एवढे असूनही त्याला निरुपयोगी म्हणणे चूक ठरेल. दलाल त्याला जपून ठेवतात. नव्या मॉडेलची बातमी मुंबई-दिल्लीत होते. परभणीत ती जुन्या गाडीच्या भावापर्यंत पोचते ती या गृहस्थाच्या तोंडून. पालम, पूर्णा किंवा जिंतूरचा कुणी विकायला आला, की दलाल त्याला या बाकावर बसवतो आणि सहज विचारतो, “तुम्ही काय म्हनता, काय जाईल ही?” गृहस्थ टायर वाचतो, दार लावून बघतो, रॉक्स आणि जीएसटी काढतो, आणि डिसेंबर असेल तर ‘जानेवारीत हिला एक वरीस वाढलंच’ हेही जोडतो. विकणाऱ्याच्या मनातला आकडा अर्ध्या तासात खाली येतो. दलाल त्या आकड्याला गाडी घेतो आणि कापसाचे पैसे हातात आलेल्या दुसऱ्याला, बऱ्याच वरच्या आकड्याला, विकतो. त्या दुसऱ्याला मात्र या बाकावर कधी बसवत नाहीत.

तेव्हा गाडी विकायला जाणाऱ्याने त्याला भाव विचारू नये आणि घेणाऱ्याने त्याच्याशिवाय जाऊ नये. कागदपत्रांचे मात्र कुणीही खुशाल त्यालाच विचारावे. फॉर्म २९ विकणाऱ्याचा, फॉर्म ३० दोघांच्या सह्यांचा; विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे, घेणाऱ्याने ३० दिवसांत; कर्ज असेल तर फॉर्म ३५ आधी. एकाही फॉर्मवर त्याची सही कधी झालेली नसली, तरी माहिती चोख मिळते. चहा तेवढा आपल्याला पाजावा लागतो.