शिकारी दातवाले

जत-सांगोल्याकडच्या माळावर ज्यांनी दिवस काढलेत त्यांना हा माणूस वेगळा सांगायला नको. तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडसमोर पहिल्या मजल्यावर दवाखाना, जिन्यात दोन मुधोळी कुत्री आडवी पसरलेली, आणि त्यांना ओलांडून जिवंत वर पोचलात तर भिंतीवर दोन चौकटी. लहान चौकटीत बी.डी.एस.ची पदवी. मोठीत २००५ साली निघालेलं मुधोळ कुत्र्याचं पोस्टाचं तिकीट, शेजारी दोरीला टांगलेल्या भिंगासकट.

तुमच्या तोंडात आरसा, कापसाचा बोळा आणि स्वतःची दोन बोटं गेल्याशिवाय डॉक्टर गप्पांना हात घालत नाहीत. "मुधोळच्या मालोजीराजांनी पंचम जॉर्जला हीच कुत्री भेट दिली, ठाऊक आहे ना?"

"आँ."

"वा! अभ्यास आहे तुमचा!"

पेशंटच्या प्रत्येक 'आँ'चा अर्थ ते 'होय' असाच लावतात. एका तलाठ्यानं अशाच 'आँ'त पिल्लू पत्करलं. त्याच्या बायकोनं डॉक्टरांकडे जाणं तेव्हापासून बंद केलंय. आमच्या हेडमास्तरांनी अक्कलदाढ काढून घेता घेता शिकारीला यायचं कबूल केलं. रविवारी पहाटे चारला दारात जीप हजर. मास्तर सुजलेला गाल मफलरमध्ये गुंडाळून दोन कुत्र्यांच्या मध्ये बसले. "आमच्यावर लिहिणार ना?" असं मलाही विचारलं गेलं होतं. हा लेख त्याच 'आँ'चं फळ.

आता शिकारीबद्दल. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा डॉक्टर दुसरीत होते. म्हणजे शिकारी सगळ्या आजोबांच्या. पण सांगताना आजोबा हळूहळू गळत जातात. इंजेक्शन टोचताना "आजोबांनी रानडुक्कर हेरलं", भूल चढेपर्यंत "आम्ही दबा धरला", आणि दाढ हलायला लागली की "मी चाप ओढला!" त्याच क्षणी दाढ चिमट्यात आलेली असते, त्यामुळे तपशिलावर वाद घालायला कुणी उरत नाही. आजोबांची बारा बोअरची बंदूक घरात आहे, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर. निवडणूक लागली की तेवढी ती घराबाहेर पडते, पोलीस ठाण्यात जमा व्हायला.

"कुत्र्याला दात बेचाळीस, माणसाला बत्तीस. दहा का कमी दिले असतील देवानं? काही कारण असेल ना?"

"आँ."

"तेच म्हणतो मी!"

त्या रविवारची हकिकत मास्तरांनी सूज उतरल्यावर सांगितली. जीपच्या उजेडात मधोमध ससा थिजला होता. कुत्री पट्टे तोडायला निघालेली. सशालाही हात लावायचा नाही असा कायदा आहे, पण त्या काळोखात फॉरेस्टवाला कुठला यायला? डॉक्टरांनी पट्ट्यांना मनगटाभोवती आणखी एकेक वेढा दिला आणि दबक्या आवाजात सुरू केलं, "मास्तर, सशाच्या वरच्या पुढच्या दातांमागं आणखी दोन बारके दात असतात बघा. उंदराला नसतात ते. आणि दात जन्मभर वाढतच राहतात, म्हणून बिचारा कायम कुरतडत असतो." व्याख्यान संपेपर्यंत ससा ज्वारीत शिरला. कुत्र्यांनी मान वळवून डॉक्टरांकडे पाहिलं. ती नजर मास्तरांना ओळखीची वाटली. तोंड उघडं, आणि बोलायची सोय नाही.

कायद्यानं किती ससे वाचवले ते फॉरेस्ट खात्याला विचारा. डॉक्टरांची अब्रू मात्र त्यानंच वाचवलीय. बंदी उठली तर ह्या माणसाचं काय होईल, या विचारानं मला खरोखर धसका बसतो.

त्यांचा 'सरदार' आता म्हातारा झालाय. दुपारी पेशंट गाल धरून बाकावर ताटकळतात आणि डॉक्टर आत त्याच्यासाठी दुधात भाकरी कुस्करत असतात. कडक राहिलेला पापुद्रा बोटांनी शोधून बाजूला काढतात. एवढ्या हळुवारपणे त्यांनी माझी दाढ कधी हाताळली नाही, हे नोंदवून ठेवतो. मी सहज चेष्टेनं म्हटलं, "कवळी का नाही बसवत त्याला?"

डॉक्टर हसले नाहीत. "माप घ्यायला गेलो होतो," म्हणाले, आणि पट्टी सोडून अंगठा माझ्यापुढं धरला. "चावला. नऊ दात राहिलेत त्याचे. मोजा, नऊच्या नऊ उमटलेत!"