जगात जर्मनी, चिखलात चुडावा

पाय मोडायचाच असेल तर तो बर्फात मोडावा, अशी माझी महत्त्वाकांक्षा आहे. बर्फात पडलेल्याला लोक 'कुठं?' म्हणून विचारतात आणि शिखराचं नाव ऐकून सरकून जागा देतात. परभणी जिल्ह्यातल्या चुडाव्याच्या पांदीत पडलेल्याला 'दिसत नव्हतं का?' एवढंच. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणत वाढलेल्या जिल्ह्यानं हा भेदभाव का सोसावा? 2013च्या नाताळात जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल स्वित्झर्लंडमध्ये स्कीइंग करताना पडल्या. आधी मुका मार वाटला, जानेवारीत कळलं की कंबरेच्या हाडाला तडा गेलाय. जगभर बातमी झाली. आता कुणी म्हणेल, पूर्णा सोडून नांदेडकडे निघालेल्या गाडीतून बघा, चुडाव्याला उतार आहेच कुठं? पण बाई तरी कुठं कड्यावरून सुसाटत होत्या? ते क्रॉस-कंट्री स्कीइंग होतं, आणि वेगही कमीच होता, असं त्यांच्या प्रवक्त्यानंच सांगितलं. म्हणजे उताराची अट जर्मनीनंच काढून टाकली. राहिली घसरण. आमच्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट आहे. ते पाणी पिऊन फुगतं आणि मग भल्याभल्यांना आडवं करतं.

साधनांत तर आम्ही पुढेच आहोत. पाऊस उघडल्यावर चार पावलं टाका. तळव्याखाली चिखलाचा गोळा धरतो, त्यात तुरीचं धसकट रुततं आणि माणूस दोन बोटं उंच होतो. पुढच्या पावलाला चप्पल चिखलातच राहते, तिचा अंगठा तुटतो आणि मालक अनवाणी पुढे जातो. लोक हसतात. हसणाऱ्यांनी स्कीचा इतिहास वाचावा. पूर्वी बूट पट्टीला पक्के जखडलेले असत. पडताना पट्टी फिरली की नडगीही फिरे. 1937 साली अमेरिकेत ह्यालमार व्हाम या खेळाडूचा असाच पाय मोडला, तेव्हा त्यानं पडताक्षणी बूट सोडून देणारी कळ शोधली. चुडाव्यात तेच काम चप्पल करते, तेही पेटंटशिवाय. तिच्यामुळं किती नडग्या वाचल्या हे कोणताही हाडवैद्य कबूल करणार नाही, पण तो त्याच्या धंद्याचा प्रश्न आहे.

सुटकेचंही तसंच. 1936 साली अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये चार्ल्स डोल यांचा घोटा मोडला, तेव्हा त्यांना छपराच्या पत्र्यावर घालून खाली आणावं लागलं. त्यातूनच 1938 मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय स्की-गस्तीचं पथक उभं राहिलं. आमच्याकडे पत्र्याऐवजी बाज, आणि गस्तीऐवजी हाकेला धावलेले चौघं. 108 ची रुग्णवाहिका डांबरी रस्त्यावर उभी असते. आत आली तर तिलाच बाहेर काढावं लागेल. एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. स्कीइंग ही हौस आहे, चिखल तुडवणं ही हौस नाही. निंदणीला निघालेली बाई पडली की त्याच दिवसापासून रोज बुडतो. मर्केलबाईंना डॉक्टरांनी तीन आठवडे पडून राहायला सांगितलं आणि त्यांनी पडल्या पडल्या देश चालवला. पडल्या पडल्या कापूस वेचता येत नाही, आणि घरचं पाणीही भरता येत नाही. तिच्या मोडलेल्या पायाला कुणी 'दुखापत' असा भारदस्त शब्दही वापरत नाही. 'पाय घसरला तिचा' म्हणतात, जणू चूक तिचीच. 2021 मध्ये 'मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना' आली. काही पांदींपेक्षा तिचं नावच लांब असेल, पण ती पांदीपर्यंत यावी. खडी-मुरूम पडला तर आमचा हा पावसाळी क्रीडाप्रकार कायमचा बुडेल आणि जर्मनीशी बरोबरीचा एकुलता एक पुरावा माझ्या हातून जाईल. जाऊ द्या.