नंबर लावणारे

मेटॅलिका या मेटल बँडच्या अल्बमांची क्रमवारी लावणाऱ्याला पहिल्या नंबराची चिंता नसते. तिथे १९८६ चा 'मास्टर ऑफ पपेट्स' कायमचा ठाण मांडून बसलेला. फार तर कुणी 'राइड द लाइटनिंग'चं नाव पुढे करतो, तेही आपण चारचौघांतले नाही हे लोकांना कळावं म्हणून. १९९१ चा काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम जगभर तुफान खपला, हाच त्याचा गुन्हा. जे आईलाही गुणगुणावंसं वाटतं ते मेटल कसलं? १९९६ ला 'लोड' आला तेव्हा तर चौघांनी केस कापलेले. गाणी कशी आहेत ते नंतर पाहू, आधी केसांचं बोला!

खरी रंगत तळाशी. २००३ च्या 'सेंट अँगर'मध्ये ड्रमर लार्स उलरिखने स्नेअर ड्रमच्या तारा सैल सोडल्या आणि अख्खा अल्बम पत्र्याचा डबा बडवल्यासारखा वाजला. वर गिटारचा सोलो एकही नाही. यावर दात-ओठ खाणारी हीच मंडळी १९८८ च्या 'अँड जस्टिस फॉर ऑल'ला मात्र पहिल्या तिघांत बसवतात. त्यात जेसन न्यूस्टेडचा बास शोधायला दुर्बीण लागते. पण ती म्हणे 'कोरड्या ध्वनीची कलात्मक निवड'. ड्रम खटकला तर पाप, बास गडप झाला तर कला!

२०२३ चा '७२ सीझन्स' सव्वा तासाहून लांब. पहिलं गाणं संपायच्या आत कुणीतरी त्याला सातवा नंबर देऊन मोकळा झाला होता.